सॉफ्टवेअरचा स्थपती

प्रस्तावना

घर बांधण्याच्या कामात अनेक हात राबत असतात. गवंडी भिंत रचतो, सुतार चौकटी बसवतो, प्लंबर नळ जोडतो आणि वायरमन तारा ओढतो. प्रत्येकाचे काम चोख असले, तरी त्यामुळे घर चांगले होईलच असे नाही. न्हाणीघराचे सांडपाणी कोणत्या बाजूने बाहेर काढायचे, हा प्रश्न भिंती उभ्या राहिल्यावर कुणाच्या ध्यानात आला, तर गिलावा केलेली भिंत पुन्हा फोडावी लागते. अशी वेळ येऊ नये म्हणून सर्व कामांचा एकत्रित विचार करणारी एक व्यक्ती असते. तिला वास्तुविशारद किंवा स्थपती असे म्हणतात.

संगणकासाठी लागणारे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनी हाच शब्द उसना घेतला. सॉफ्टवेअरच्या एकंदर रचनेचा विचार करणाऱ्या व्यक्तीला त्या व्यवसायात 'सॉफ्टवेअर आर्किटेक्ट' म्हणतात. मात्र गेल्या काही दशकांत सॉफ्टवेअर तयार करण्याची पद्धत बदलली. आधी संपूर्ण आराखडा आणि मग बांधकाम, हा क्रम मागे पडला व थोडे थोडे बांधत, वापरून पाहत, सुधारत पुढे जाणारी 'ॲजाइल' पद्धत रूढ झाली. या नव्या पद्धतीत स्थपतीचे स्थान कोणते? तो हवा की नको? प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हांला
• ॲजाइल पद्धत कोणत्या गरजेतून निर्माण झाली, हे सांगता येईल;
• सॉफ्टवेअरची 'रचना' म्हणजे काय, हे उदाहरणाने स्पष्ट करता येईल;
• ॲजाइल चमूत आर्किटेक्टला कोणती कामे करावी लागतात, यांचे विवेचन करता येईल;
• तांत्रिक विषयावरील लेखनात रूपकांचा उपयोग कसा होतो, हे ओळखता येईल.

मूळ पाठ

१. काम मोठे झाले तेव्हा

आरंभीच्या काळात एखाददुसरा जाणकार माणूस संपूर्ण प्रोग्राम लिहीत असे. साऱ्या रचनेचे चित्र त्याच्या डोक्यात असे. त्यामुळे वेगळ्या स्थपतीची आवश्यकता भासत नसे. पुढे बँका, विमान कंपन्या, सरकारी खाती यांचे व्यवहार संगणकावर येऊ लागले आणि एकेका कामासाठी शेकडो माणसे लागू लागली. कामे वेळेत पुरी होईनात, खर्च हाताबाहेर जाऊ लागला, तयार झालेले सॉफ्टवेअर भरवशाचे ठरेना. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश या गावी 'नाटो'च्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत या परिस्थितीची उघड चर्चा झाली. सॉफ्टवेअरनिर्मितीला अभियांत्रिकीची शिस्त हवी, हा विचार तेथून दृढ झाला.

त्याच दशकात आयबीएम कंपनीच्या सिस्टिम/३६० या संगणकाच्या कार्यप्रणालीचे प्रचंड काम फ्रेडरिक ब्रुक्स यांनी सांभाळले होते. त्या अनुभवावर त्यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक प्रसिद्ध केले. रखडलेल्या कामावर आणखी माणसे नेमली तर ते काम अधिकच रखडते, हा त्यांचा निष्कर्ष सर्वपरिचित आहे. नव्या माणसांना काम समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि माणसे वाढली की परस्परांत करावयाचे बोलणेही वाढते. ब्रुक्स यांचा दुसरा सिद्धांत या पाठाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. त्यांच्या मते, चांगल्या प्रणालीत विचारांची एकात्मता असावी लागते. ती अनेकांनी बांधलेली असली, तरी एकाच मनाने योजल्यासारखी वाटली पाहिजे. ही एकात्मता राखण्याची जबाबदारी ब्रुक्स यांनी आर्किटेक्टवर सोपवली.

२. जलप्रपात आणि त्याला उत्तर

यानंतरच्या काळात मोठ्या कामांचा एक ठरीव क्रम रूढ झाला. प्रथम ग्राहकाच्या गरजा लिहून काढायच्या, मग संपूर्ण आराखडा करायचा, त्यानंतर प्रोग्राम लिहायचे, शेवटी चाचण्या घ्यायच्या. पाणी कड्यावरून एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर पडावे आणि मागे वळू नये, तशी ही पद्धत असल्यामुळे तिला 'जलप्रपात' हे नाव मिळाले. या पायऱ्यांचे चित्र १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी आपल्या निबंधात दिले होते. त्याच निबंधात त्यांनी हा क्रम जसाच्या तसा पाळणे धोक्याचे आहे, असा इशाराही दिला होता. चित्र सर्वांच्या लक्षात राहिले. इशाऱ्याकडे फारसे कुणी पाहिले नाही.

या पद्धतीतील आर्किटेक्ट आराखड्याचे जाडजूड दस्तऐवज तयार करी आणि पुढच्या कामाला निघून जाई. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना अडचण आली, तर ती ऐकायला तो तेथे नसे. दरम्यान ग्राहकाची गरजही बदललेली असे. दोन वर्षांनी हाती पडलेले सॉफ्टवेअर दोन वर्षांपूर्वीच्या प्रश्नांची उत्तरे देत असे.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या यूटा राज्यातील स्नोबर्ड येथे सतरा अनुभवी मंडळी एकत्र आली व त्यांनी 'ॲजाइल जाहीरनामा' प्रसिद्ध केला. 'ॲजाइल' म्हणजे चपळ. चार मूल्ये आणि बारा तत्त्वे यांत त्यांनी आपले म्हणणे मांडले. दस्तऐवजांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर मोलाचे, ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे मोलाचे, असा त्यांचा आग्रह होता. उत्तम रचना स्वतःचे काम स्वतः आखणाऱ्या चमूंतूनच उदयाला येते, असेही त्यांनी एका तत्त्वात नमूद केले.

ॲजाइल विचाराच्या छत्राखाली अनेक कार्यपद्धती येतात. त्यांपैकी 'स्क्रम' ही विशेष प्रसिद्ध आहे. तीत काम लहान लहान टप्प्यांत विभागलेले असते. अशा टप्प्याला 'स्प्रिंट' म्हणतात आणि तो जास्तीत जास्त एका महिन्याचा असतो. प्रत्येक टप्प्याअखेर वापरता येईल असे काहीतरी तयार झाले पाहिजे, असा दंडक आहे. स्क्रमच्या मार्गदर्शिकेत प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर अशा तीनच भूमिका सांगितल्या आहेत. आर्किटेक्टचा उल्लेख तीत नाही.

हे वाचून अनेकांचा असा समज झाला, की ॲजाइल चमूला स्थपतीची गरजच नाही. हा समज कितपत योग्य आहे?

पाठगत प्रश्न
(१) ब्रुक्स यांच्या मते चांगल्या प्रणालीत कोणता गुण असावा लागतो?
(२) जलप्रपात पद्धतीला ते नाव का मिळाले?

३. रचना म्हणजे काय?

सॉफ्टवेअरची रचना म्हणजे त्यातील अशा निर्णयांचा समूह, जे मागाहून बदलणे कठीण आणि खर्चाचे असते. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

समजा, एका सार्वजनिक वाचनालयासाठी सॉफ्टवेअर तयार करायचे आहे. पडद्यावरील बटण हिरवे असावे की निळे, हा निर्णय पाच मिनिटांत फिरवता येतो. परंतु सभासदाची ओळख कशावरून पटवायची, हा निर्णय तसा नाही. 'सर्वांकडे मोबाइल असतोच' असे म्हणून चमूने मोबाइल क्रमांक हीच सभासदाची ओळख ठरवली. पुस्तकांची देवघेव, दंड, वर्गणी या साऱ्या नोंदी त्या क्रमांकाला जोडल्या गेल्या. सहा महिन्यांनी आई, मुलगा आणि आजोबा अशा तिघांचा मिळून एकच क्रमांक असलेले कुटुंब सभासद होण्यास आले. कुणी आपला क्रमांक बदलला आणि तो क्रमांक मोबाइल कंपनीने दुसऱ्याच व्यक्तीला दिला. आता एका जागी दुरुस्ती करून भागत नाही. प्रत्येक नोंद उकलावी लागते. न्हाणीघराची भिंत फोडावी लागते ती अशी.

प्रत्येक सभासदाला स्वतंत्र क्रमांक द्यावा, एवढी दूरदृष्टी आरंभी दाखवली असती, तर हा खर्च टळला असता. म्हणून चमूत त्या नावाचे पद असो वा नसो, स्थपतीचे काम कुणाला तरी करावेच लागते. कुणी जाणीवपूर्वक निर्णय घेतला नाही, तर तो निर्णय नकळत घेतला जातो.

४. एका संकेतस्थळाची कहाणी

समग्र विचाराच्या अभावी काय घडते, याचे बोलके उदाहरण अमेरिकेत २०१३ साली पाहायला मिळाले. तेथील नागरिकांना आरोग्यविमा निवडता यावा म्हणून सरकारने 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले केले. ज्यांच्यापाशी विमा नव्हता, ज्यांना आजारपणाचा खर्च झेपत नव्हता, अशी लक्षावधी माणसे त्या दिवसाची वाट पाहत होती. संकेतस्थळ सुरू होताच ते अडखळू लागले. पाने उघडेनात, खाती तयार होईनात. पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची विमानोंदणी पूर्ण झाली, असे पुढे सरकारी टिपणांतून उघड झाले.

या कामाचे अनेक भाग वेगवेगळ्या कंत्राटदारांकडे होते. विमा निवडण्याचे मुख्य दालन एकाकडे, तर प्राप्तिकर व सामाजिक सुरक्षा यांसारख्या सरकारी खात्यांकडून माहिती मागवणारा दुवा दुसऱ्याकडे. हे सर्व भाग जोडून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकत्र चालवून पाहण्याची चाचणी अखेरच्या दोन आठवड्यांत कशीबशी उरकण्यात आली. त्यातच, विम्याच्या योजना नुसत्या पाहण्यासाठीही आधी खाते उघडणे आवश्यक करण्याचा निर्णय ऐन वेळी झाला होता. त्यामुळे नुसती चौकशी करणाऱ्यांची झुंबडही खाते उघडण्याच्या चिंचोळ्या दारावरच लोटली.

अपयशाला कारणे अनेक होती. तथापि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी तपासणी अहवालात स्पष्ट नेतृत्वाचा अभाव हे सर्वांत गंभीर कारण म्हणून नोंदवले गेले. भाग सांभाळणारे पुष्कळ होते; संपूर्णाची काळजी वाहणारे कुणी नव्हते.

पुढे झालेली दुरुस्तीही तितकीच उद्बोधक आहे. मिकी डिकरसन आदी अनुभवी अभियंत्यांचा एक लहान गट मदतीला आला. प्रथम त्यांनी संपूर्ण संकेतस्थळ कोठे मंदावते, हे सर्वांना पडद्यावर दिसेल अशी व्यवस्था केली. रोज दोनदा थोडक्या वेळाची बैठक होऊ लागली. दोष कुणाचा, याची चर्चा तेथे वर्ज्य होती. हुद्द्याने मोठा असलेल्याने नव्हे, तर ज्याला त्या प्रश्नाची खरी माहिती आहे त्याने बोलावे, असा नियम होता. कंत्राटदारांपैकीच एका संस्थेकडे समन्वयाची जबाबदारी सोपवण्यात आली. पान उघडण्यास लागणारा सरासरी वेळ आठ सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत आला. डिसेंबरच्या आरंभी बहुसंख्य लोकांना संकेतस्थळ वापरता येऊ लागले. एप्रिल २०१४ पर्यंत राज्यांची व केंद्राची अशी दोन्ही दालने मिळून सुमारे ८० लाख लोकांनी विम्यासाठी नोंदणी केली.

छोट्या बैठका, मोकळे बोलणे, रोजची सुधारणा ही ॲजाइलची वैशिष्ट्ये या दुरुस्तीत दिसतात. त्याचबरोबर संपूर्णाकडे पाहणारी दृष्टीही तीत दिसते. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे या घटनेवरून ध्यानात येते.

५. ॲजाइल चमूतील स्थपतीची कामे

(अ) योग्य वेळी निर्णय घेणे : फार लवकर निर्णय घेतला तर तो अपुऱ्या माहितीवर उभा राहतो, फार उशीर केला तर काम अडून राहते. कोणता निर्णय आज घ्यायलाच हवा आणि कोणता पुढील टप्प्यापर्यंत थांबू शकतो, हे ओळखणे हे स्थपतीचे पहिले कौशल्य होय. वाचनालयाच्या उदाहरणात सभासदाच्या ओळखीचा निर्णय पहिल्याच टप्प्यात हवा. दंडाची पावती कशी छापायची, हे नंतर ठरले तरी चालते.

(आ) न सांगितलेल्या गरजा ध्यानात ठेवणे : 'मला पुस्तक शोधता यावे' असे ग्राहक सांगतो. 'एकाच वेळी हजार जण शोधू लागले तरी यंत्रणा कोलमडू नये', 'माझी माहिती परक्याच्या हाती पडू नये' हे तो बहुधा बोलून दाखवत नाही; ते त्याने गृहीत धरलेले असते. वेग, सुरक्षितता आणि भरवसा हे गुण शेवटी वरून चढवता येत नाहीत. प्रत्येक टप्प्यात त्यांची आठवण देणारा कुणीतरी लागतो.

(इ) सांधे सांभाळणे : मेल्व्हिन कॉनवे यांनी १९६८ साली एक मार्मिक निरीक्षण मांडले. ज्या संस्थेत सॉफ्टवेअर तयार होते, त्या संस्थेतील माणसांच्या परस्परसंवादाची घडणच त्या सॉफ्टवेअरच्या रचनेत उमटते. दोन चमूंत संवाद नसेल, तर त्यांनी केलेल्या भागांचा सांधाही कच्चा राहतो. म्हणून स्थपतीला यंत्रांइतकेच माणसांमधील सांध्यांकडेही लक्ष द्यावे लागते.

(ई) निर्णयांची नोंद ठेवणे : ॲजाइल पद्धतीत दस्तऐवज लिहूच नयेत, हा गैरसमज आहे. २०११ साली मायकेल नायगार्ड यांनी एक सुटसुटीत रीत सुचवली. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयासाठी एक-दोन पानांचे टिपण लिहावे. परिस्थिती काय होती, काय ठरले आणि त्याचे परिणाम कोणते, एवढेच त्यात असावे. भारतातील अनेक चमू परदेशांतील सहकाऱ्यांबरोबर काम करतात. भारत आणि ब्रिटन यांच्या घड्याळांतच साडेचार ते साडेपाच तासांचे अंतर आहे. एक चमू झोपेत असताना दुसऱ्याला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर असे टिपणच देऊ शकते. चमूत नव्याने आलेल्या माणसालाही 'हे असे का केले?' याचा उलगडा होतो.

(उ) कर्जाचा हिशेब ठेवणे : वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली 'तांत्रिक कर्ज' ही कल्पना मांडली. काम लवकर पुरे व्हावे म्हणून सध्यापुरती तडजोड करणे म्हणजे कर्ज काढणे. कर्ज काढण्यात गैर काही नाही. पण ते वेळेवर फेडले नाही, तर पुढील प्रत्येक बदलाला लागणारा जादा वेळ हे त्याचे व्याज होऊन बसते. व्याज भरता भरता नवे काही करायला सवड उरत नाही. हे कर्ज किती झाले आणि कोणत्या टप्प्यात त्यातील किती फेडायचे, हे स्थपतीने चमूपुढे व ग्राहकापुढे मांडायचे असते.

(ऊ) शिकवणे आणि शिकणे : मार्टिन फाउलर यांनी २००३ साली लिहिलेल्या एका लेखात दोन प्रकारचे आर्किटेक्ट वर्णिले आहेत. एक सर्व महत्त्वाचे निर्णय स्वतःच घेतो. दुसरा चमूबरोबर बसून काम करतो, प्रोग्राम लिहितो, इतरांची समज वाढवतो. त्यामुळे त्याच्यावाचून अडणाऱ्या निर्णयांची संख्या हळूहळू कमी होत जाते. ॲजाइल चमूला हा दुसरा अधिक मानवतो. माडीवर बसून हुकूम सोडणाऱ्याला खालच्या खोलीतील ओल दिसत नाही.

६. रूपकाचे सामर्थ्य

चमूतील सर्वांच्या मनात एकच चित्र उभे राहावे, यासाठी भाषाही उपयोगी पडते. केंट बेक यांनी पुरस्कारलेल्या 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' या ॲजाइल पद्धतीत संपूर्ण प्रणालीसाठी एक समान रूपक योजावे, असे सुचवले होते. अमेरिकेतील क्रायस्लर या मोटार कंपनीत पगारपत्रकाची प्रणाली याच पद्धतीने तयार होत होती. तेथे पगारपत्रक तयार करणे म्हणजे कारखान्यातील जुळणी-साखळी, असे रूपक वापरले गेले. मोटारीचे सुटे भाग एकेका ठाण्यावर जोडले जातात, तसे कामाचे तास, भत्ते आणि कपाती एकेका ठाण्यावर जोडल्या जातात व शेवटी पूर्ण पगार बाहेर पडतो. मोटारी बनवणाऱ्यांना हे चित्र सांगताक्षणी उमगले. जाडजूड दस्तऐवजाला जे साधले नसते, ते एका समर्पक शब्दाने साधले.

७. समारोप

आराखड्याचा अतिरेक झाला, तर काम सुरूच होत नाही. आराखड्याचा अभाव असला, तर झालेले काम पुन्हा पुन्हा मोडावे लागते. ॲजाइल पद्धतीने स्थपतीची हकालपट्टी केली नाही. तिने त्याला वेगळ्या खोलीतून उठवून चमूच्या मध्यभागी आणून बसवले. काही चमूंत हे काम एक अनुभवी व्यक्ती करते, तर काहींत ते सर्वांनी वाटून घेतलेले असते. कोणत्याही व्यवस्थेत एक प्रश्न मात्र कुणीतरी सतत विचारत राहावा लागतो : हे सर्व भाग एकत्र आले, की त्यांतून माणसांना राहता येईल असे घर तयार होणार आहे काय?

आज रुग्णालयातील नोंदी, रेल्वेचे आरक्षण, विद्यार्थ्यांचे निकाल, निवृत्तिवेतन हे सारे सॉफ्टवेअरवर विसंबून आहे. ते कोलमडले, तर अडचणीत येणारी व्यक्ती बहुधा त्या चमूच्या कधी नजरेसही पडलेली नसते. तिची आठवण ठेवणे, हे स्थपतीचे खरे कर्तव्य होय.

तुम्ही काय शिकलात?

• मोठ्या सॉफ्टवेअरला विचारांची एकात्मता लागते.
• जे निर्णय बदलणे कठीण असते, त्यांतून सॉफ्टवेअरची रचना घडते.
• ॲजाइल पद्धतीत आर्किटेक्ट हुकूम देणारा नसून सहकारी व मार्गदर्शक असतो.
• न सांगितलेल्या गरजा, चमूंमधील सांधे, निर्णयांच्या नोंदी आणि तांत्रिक कर्ज यांकडे त्याला लक्ष द्यावे लागते.

शब्दार्थ

स्थपती – इमारतीची रचना योजणारा. दंडक – पाळावयाचा नियम. उद्बोधक – बोध देणारे. चिंचोळे – अरुंद. वर्ज्य – टाळावयाचे. मार्मिक – मर्म जाणणारे. समर्पक – नेमके लागू पडणारे.

स्वाध्याय

१. 'कुणी जाणीवपूर्वक निर्णय घेतला नाही, तर तो निर्णय नकळत घेतला जातो', हे विधान पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
२. २०१३ सालच्या संकेतस्थळाच्या अपयशाची आणि दुरुस्तीची कारणे आठ ते दहा ओळींत लिहा.
३. 'जलप्रपात', 'कर्ज', 'जुळणी-साखळी' ही रूपके कोणत्या कल्पनांसाठी वापरली आहेत? त्यांतील साम्य सांगा.
४. तुमच्या परिसरातील एखादे सामूहिक कार्य, उदा. स्नेहसंमेलन किंवा लग्नसमारंभ, आठवा. त्यात संपूर्णाची काळजी कोण वाहत होते? त्या व्यक्तीने कोणते निर्णय आधी घेतले व कोणते पुढे ढकलले? दीडशे शब्दांत लिहा.